नवी कणगी

ओसरीवरच्या कणगीत बहिरूनं डोकावून पाहिलं आणि झटकन मान मागं घेतली. तळाशी कोंबडीची हाडं, बियरच्या बाटल्या, चोखून टाकलेली लिंबं. कुणीतरी आत ओकलंही होतं.

महिन्याभरापूर्वी ही कणगी त्यानंच विणली होती. मंचरच्या आदेशशेठनं डिंभे धरणाच्या पाण्याकाठी फार्महाऊस बांधलं होतं. मातीच्या भिंती, कौलं, लाकडी खांब, सगळं जुन्या घरांसारखं. "मामा, तुमच्या घरी असते तश्शी कणगी पायजे," शेठ म्हणाला होता. बहिरूनं बांबू तोडून कामट्या काढल्या. त्याच्या बायकोनं, सोनीबाईनं, ती आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपली आणि देताना आत ओंजळभर साळी टाकल्या. धान्याची कणगी रिकामी कशी द्यायची?

आज शेठनं त्याला पुन्हा बोलावलं होतं.

"पाव्हण्यांना लई आवडली, मामा. फोटो काढतात. अजून दोन करा, पोहायच्या टाकीपाशी ठेवू."

"शेठ, ह्यात खरकटं टाकलंय."

"मग? कचऱ्याचा डबा कसा दिसला असता इथं? धुऊन घेऊ की."

"धुऊन ह्यातला तांदूळ तुमी खाल?"

शेठ हसला. "अहो मामा, ह्यात तांदूळ ठेवणारंय कोण?"

बहिरू वाकला, दोन्ही हातांनी कणगी उचलली आणि तिथंच ओसरीवर उपडी केली. बाटल्या गडगडत पायऱ्यांवरून गेल्या. शेठ "अहो, अहो" करत भिंतीला टेकला.

कणगी खांद्यावर टाकून बहिरू निघाला. मानेवरून काहीतरी ओलं, आंबूस ओघळलं. फाटकाबाहेर येऊन तो थांबला. घरी नेली तर सोनीबाई ती उंबऱ्याच्या आत घेणार नव्हती. त्यानं ती बांधावर ठेवली, खाली पाचोळा सारला आणि काडी ओढली.

बांबू चांगला वाळलेला होता. बघता बघता भडका उडाला. धुराला शेणाचा, जळक्या चरबीचा, दारूचा वास होता. बहिरूनं नाकाला पटका लावला.

दिवस मावळायला आला होता, गारठा पडू लागला होता. जाळ बघून पाव्हणे खुर्च्या ओढत फाटकाबाहेर आले आणि गोल करून बसले.

एक बाई हात शेकत बहिरूला म्हणाली, "अगदी गावाकडचा वास येतोय हो! कसली लाकडं आहेत, काका?"