धरून ठेवलेला उतार

बंद खाणीवर माती भरून टेकडी केली होती. तिची धूप मोजायला मी लोखंडी सळ्या ठोकल्या. माती वाहून गेली की सळी उघडी पडते. पावसाळ्यानंतर इतर सगळीकडच्या सळ्या वीतभर उघड्या पडल्या; आमच्या घराच्या वरच्या बाजूच्या उताराची मात्र कणभर माती हलली नव्हती.

"तुझे बाबा आहेत ना खाली," आई म्हणाली. त्या खाणीत उतरलेले बाबा वर आलेच नव्हते.

मोजणी संपली, म्हणून मी त्या उतारावरची पहिली सळी उपटायला गेले. ती हलेना. बाबा लहानपणी माझी सायकल मागून धरायचे, तशीच ती खालून धरलेली होती.

माझे डोळे भरून आले. "बाबा, खूप केलंत आमच्यासाठी. दमला असाल. सोडा आता."

सळी अलगद वर आली.

खाली अंगणात आई कपडे वाळत घालत होती. माझ्या पायाखालची माती सरकली, आणि उतारावरच्या बाकीच्या सळ्या एकेक करून तिच्याकडे कलायला लागल्या.