उपासना संपल्यावर

सैनिकांच्या सन्मानाचा रविवार होता. पाळकांनी पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या सैनिकाला फुलं दिली. "काका शत्रूच्या कैदेतून परत आले, पण देवाला विसरले नाहीत. आपण आमेन म्हणतो आणि घरी पळतो. काका मात्र सगळे गेले तरी बसून असतात. ख्रिस्तानं आपल्याला स्वतंत्र केलंय, ते असं जपायचं!"

टाळ्या.

मग चर्च रिकामं. दार सताड उघडं. काका बाकावर ताठ.

काकूंनी पाळकांना गाठलं. "उद्या माझं ऑपरेशन आहे. पुढच्या रविवारी मी नसले, तर यांना 'उठा' म्हणाल ना?"

"काकू, त्यांच्या प्रार्थनेत मी कशाला मध्ये येऊ?"

"प्रार्थना कसली हो! हुकूम झाल्याशिवाय उठत नाहीत ते. कैदेत लागलेली सवय. घरी जेवणावरूनसुद्धा उठत नाहीत. आत्ताच म्हणून बघा, माझ्यादेखत."

"उठा, काका," पाळक हळूच म्हणाले.

काका हलले नाहीत.

"असं लाडानं नाही. दरडावून."

"उठा!"

काका ताडकन उठले. फुलं खाली ठेवली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात डोक्यामागे नेले.

"जमलं तुम्हाला," काकू म्हणाल्या. "आता 'घरी जा' म्हणा."