पतंगवाल्या बाईंचा स्वेटर

"यंदा सरळ फवारून टाकू," वडील म्हणाले. "सापळे लावून पतंग मोजायचे कोणी?"

आठवडाभराची रजा काढून लेक याच कामासाठी घरी आली होती. तिने कोठारातून पुठ्ठ्यांचा खोका ओढत आणला आणि पायरीवर बसून एकेक तिकोनी सापळा दुमडून उभा करायला घेतला. समोर सफरचंदाच्या झाडांखाली गळलेल्या फुलांचा सडा होता. हेच दिवस सापळे लावायचे.

आईला जाऊन एक हिवाळा झाला होता. ती प्रयोगशाळेत होती. मादी पतंग नराला बोलवायला जो वास सोडते, तसाच वास तयार करून रबराच्या इवल्याशा बुचांत भरायचा, हे तिचं काम. बूच सापळ्यात ठेवलं की नर येऊन आतल्या डिंकाला चिकटायचे. किती चिकटले ते बघून ती सांगायची, औषध कधी मारायचं, मुळात मारायचं का. आसपासचे सगळे बागवाले तिला पतंगवाल्या बाई म्हणत. एकदा नवा पोस्टमन ते ऐकून मुलासाठी पतंग मागायला आला होता. तिने न हसता त्याला एक करून दिला, शेपटीसकट.

या बागेत ती पहिल्यांदा आली तीही सापळे घेऊनच. वडील तेव्हा तरुण होते आणि पाठीवरचा पंप उतरवतच नसत. या आठवड्यात पंपाला हात लावायचा नाही, असं तिने बजावलं. त्यांनी ऐकलं, आणि मग जन्मभर ऐकतच राहिले. फक्त 'कामगंध सापळा' हे शब्द त्यांना चारचौघांत कधी उच्चारता आले नाहीत. ते 'वासाचे डबे' म्हणायचे. ती मुद्दाम सगळ्यांसमोर विचारायची, कसले डबे म्हणालात?

उन्हं उतरली, गारठा वाटायला लागला. कोठाराच्या दारामागे आईचा कामावरचा राखाडी स्वेटर लटकत होता. तो तिने कधी घरात येऊ दिला नव्हता. लेकीने तो अंगात चढवला, शिडी खांद्यावर घेतली आणि बागेत शिरली.

वडील लांबून बघत राहिले. तिने पहिला सापळा हाताशी आलेल्या फांदीला अडकवला, तेव्हा मात्र त्यांना राहवेना. ते उठून आले.

"तिथे नको, वर शेंड्याकडे लाव. ते वरच फिरतात."

मग त्यांनी शिडी धरली. बुचाला बोट लावू नकोस, सापळ्याच्या तोंडासमोरची पानं खुडून टाक, वाऱ्याची बाजू बघ, असं ते खालून सांगत राहिले. सांगता सांगता एकाएकी थांबले. आपल्या तोंडून कोण बोलतंय, ते त्यांच्याही लक्षात आलं असावं. पुढच्या झाडापासून ते नुसतीच शिडी धरून उभे राहिले.

शेवटचा सापळा लावून लेक खाली उतरली तोवर झाडांमधून काळोख दाटायला लागला होता. एक करडा पतंग भिरभिरत आला. सापळा ओलांडून थेट तिच्या बाहीवर बसला. मागून दुसरा आला, मग आणखी काही. खांद्यावर, गळ्याशी, पाठीवर ते पंख थरथरवत सरकत राहिले. तिने बाही नाकाशी धरून पाहिली. जुन्या लोकरीखेरीज तिला कसलाच वास आला नाही.

ती झटकायला गेली. वडिलांनी तिचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही."