तीन नंबरचं बटण

“माझं नावच उडवलंय यादीतून!” चप्पल काढायच्या आधीच जान्हवी ओरडली. “मतदार कार्ड दाखवलं, आधार दाखवलं. ती बाई म्हणते, यादीत नाव नाही तर मत नाही. सकाळी सातपासून रांगेत उभी होते यार.”

गुणाजी सावंत धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते. वय एक्याऐंशी. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, तेव्हापासून काठी आणि नात या दोघींवर त्यांचा कारभार चालत होता.

“तसापण तू त्या शेवटच्या बटणावर मत फुकट घालवणार होतीस,” ते म्हणाले.

“नोटा म्हणजे फुकट नाही हं आबा. एकही लायक नाही, हे तरी सांगता येतं ना.”

“त्यापेक्षा घरी झोपलेला बरा.”

हा वाद पंधरा दिवस चालला होता. शेजारचे बाळ मास्तर त्यात भर घालायचे. मास्तरांनी कधीकाळी मतपत्रिकेवर एकदम चार चिन्हांवर शिक्के मारून मत बाद केलं होतं आणि त्याचा त्यांना अजून अभिमान होता. मशीन आल्यावर मत बाद करायची सोय गेली, म्हणून त्यांनी मतदानच सोडलं. पण दर निवडणुकीला शाळेच्या फाटकाशी बसून कोण कोण आलं हे बघायला ते न चुकता जात.

गुणाजी उठले. “चल माझ्याबरोबर. आंधळ्याक सोबत माणूस चालता. बटण तू दाब. तीन नंबर, शिलाई मशीन. इसरू नको.”

“मी? आबा, तुम्हाला माहितीये ना मला तो उमेदवार अजिबात...”

“तीन नंबर,” गुणाजी म्हणाले.

पन्नास वर्षं त्यांनी शिलाई मशीनलाच मत दिलं होतं. त्यांची गिरणी चालू होती तेव्हा दिलं, बंद पडली तेव्हाही दिलं. मुलुंडला राहायला आल्यावरही पक्ष बदलला नाही.

लिफ्टमध्ये त्यांनी भिंत चाचपली आणि तळमजल्याचं बटण बरोबर दाबलं. आबांनी सांगितलेलं एक तरी काम जान्हवीने सरळ केलं असेल तर शपथ. ते कॉमर्स म्हणाले, तिने सायन्स घेतलं. ते बँक म्हणाले, ती फिजिओथेरपिस्ट झाली. सहा वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून तिच्या दोन वेण्या आबा घालायचे. गिरणीत सूत सांधणारी ती बोटं, एक केस सुटायचा नाही. दहावीपर्यंत घातल्या त्यांनी. मोबदल्यात तिने वाद तेवढे घातले.

कोपऱ्यावर फूटपाथ संपला. शिलाई मशीनवाल्यांचं नवं ऑफिस तिथेच उभं होतं, अख्खा फूटपाथ गिळून. आबांना हाताला धरून तिने रस्त्यावर उतरवलं. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत सुटला.

“बघा तुमच्या उमेदवाराचं काम!”

“पार्टी मोठी, माणूस लहान,” एवढंच गुणाजी म्हणाले.

शाळेच्या वर्गात केंद्राध्यक्षांनी जान्हवीकडून एक फॉर्म भरून घेतला. मतदार सांगेल तसंच मत देईन आणि कुणाला सांगणार नाही, अशी त्यात कबुली होती. तिने सही केली. आबांच्या बोटाला शाई लागली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघं उभी राहिली. आबांनी तिचा हात धरून ठेवला होता आणि मान दुसरीकडे वळवली होती.

तिचं बोट खाली खाली सरकत गेलं. शेवटचं बटण. नोटा. एक दाब, की पंधरा दिवसांचा वाद संपला. आबांना दिसणार नव्हतं, दुसरं कुणी बघत नव्हतं. तिचं स्वतःचं मत त्या लोकांनी उडवलंच होतं की.

बोट तिथेच थांबलं.

मग तिला आपल्या हातावरची ती सुरकुतलेली मूठ जाणवली. या माणसाने आपल्याला वाढवलं, आणि आपण त्याचं एकदाही ऐकलं नाही. आज त्याने स्वतःचं मत आपल्या बोटावर सोपवलंय. तिला एकदम भरून आलं. तिने बोट वर नेलं आणि तीन नंबर दाबला. काचेमागे शिलाई मशीनची चिठ्ठी दिसली, सात सेकंदांनी खाली पडली. मशीन लांबलचक किंचाळलं.

“दाबलंस?” बाहेर आल्यावर आबांनी विचारलं.

“दाबलं.”

“उपकार झाले गो तुझे.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आबांच्या तोंडून हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. डोळे पुसायला तिला बहाणा हवा होता, म्हणून आबांना फाटकाशी मास्तरांच्या बाकावर बसवून ती शहाळं आणायला गेली.

“काय हो गुणाजी,” मास्तर म्हणाले, “लोकसभेला तर एकटेच आत गेला होतात. बटणांशेजारचे ब्रेलचे ठिपके चाचपून मत दिलं म्हणून आठवडाभर मला ऐकवत होता. यंदा पोरीला कशाला नेलंत?”

“त्या फूटपाथ खाणाऱ्याक नव्हता द्यायचा, मास्तर.” गुणाजींनी आवाज खाली आणला. “पण पन्नास वर्षांची सवय. माझा बोट आपोआप शिलाई मशीनवरच गेला असता. दुसरीकडे दाबवला नसता माझ्याच्याने. तिने केला माझा काम. कुठला बटण दाबला, नोटा का फोटा, काय विचारणार नाय मी.”

“मग तिला सरळ सांगायचं ना, तीन नंबर नको म्हणून.”

गुणाजी खुशीत हसले. “पोरीक ओळखत नाय तुम्ही. नको म्हटला असता तर मुद्दाम तोच दाबून आली असती. म्हणून तर चार वेळा बजावला तिका, तीन नंबरच दाब!”