एक मॅच, एक गोल

थॉर्नबेक रोव्हर्स या गावच्या फुटबॉल क्लबला शंभर वर्षं झाली, तेव्हा त्याचा इतिहास लिहायला बसले अर्थातच क्लिफर्ड ऑकरॉइड. खेळाडूंच्या यादीत त्यांचं स्वतःचंही नाव होतं: फेब्रुवारी १९७८, हेझलगिलविरुद्ध, एक मॅच, एक गोल. "त्या एका गोलावर म्हातारा पंचेचाळीस वर्षं फुकटचा चहा पितोय," अशी मैदानावरच्या चहाच्या टपरीपाशी नेहमीची चेष्टा.

पुस्तक छापायला जायच्या आदल्या दिवशी क्लबची सेक्रेटरी जोआन जुने कागद घेऊन आली.

"काका, हे हेझलगिलवाले त्याच मार्चमध्ये हंगाम अर्धवट सोडून गेले होते. लीगने त्यांच्या आधी झालेल्या मॅचेससुद्धा रद्द धरल्या. म्हणजे कागदोपत्री तुमची मॅच झालीच नाही." मग तिलाच कसंतरी झालं. "जाऊ द्या हो, राहू दे नाव. कोण बघायला येतंय?"

"अशाच रद्द मॅचपायी बेरिलच्या नवऱ्याचं नाव मी यादीतून काढलंय," क्लिफर्ड म्हणाले. "बिचारी रडली होती. नियम म्हणजे नियम."

त्यांनी पट्टी लावून पेन्सिलीने आपलं नाव खोडलं आणि गार झालेला चहा संपवला.

 

त्या मॅचच्या दुपारी इस्पितळात त्यांचे वडील दाराकडे बघत बघत गेले होते. "कुठे होतास?" असं आईने विचारलं, तेव्हा क्लिफर्ड एवढंच म्हणाले होते, "मॅच होती."