गिअरचा हात

पहिला घाव मनगटावर बसला तेव्हा मिस्त्री डावा हात टायरवर टेकवून ट्रकखालचे स्प्रिंगचे पाटे बघत होता.

गाडीमालक चाव्या आणायला घरात गेला होता. विकायचे दोन्ही ट्रक शेजारी-शेजारी उभे होते आणि मधे एक माणूस आडवा होईल एवढीच जागा होती. त्या जागेत दोघं शिरले, तोंडाला फडकी बांधलेली. एकाच्या हातात टॉमी होती, चाक खोलताना लागते ती लोखंडी दांडी.

"या गाड्या घ्यायच्या नाहीत," टॉमीवाला म्हणाला.

मिस्त्रीनं उजव्या हातानं त्याची गचांडी धरली. दुसऱ्यानं पोटात लाथ घातली. मिस्त्री पडला. मग त्यांनी त्याचा डावा हात ओढून दगडावर ठेवला आणि टॉमी पुन्हा त्याच मनगटावर उतरली. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला.

दुसऱ्यानं डोक्याकडे लाथ उगारली.

"डोक्याला नाही," म्हणत टॉमीवाल्यानं त्याला मागं खेचलं.

जाताना त्यांनी मिस्त्रीला उन्हातून ओढून ट्रकच्या सावलीत टाकलं.

बावीस वर्षं त्यानं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. हे दोन ट्रक त्यानं नुसत्या इंजिनाच्या आवाजावर पसंत केले होते. एक स्वतः चालवायचा, दुसऱ्यावर ड्रायव्हर ठेवायचा. बायकोला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "घरी कधी याल?"

"चार दिवस बाहेर, एक दिवस घरी."

"बाबाही असंच सांगायचे," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. तिचे वडील ट्रकवरच गेले होते. त्यांच्या गाडीवरच्या जुन्या माणसांना ती दरीतून वर काढायला तीन दिवस लागले.

अडचण होती ती यार्डाची. वाहून न्यायचा माल यार्डातून मिळायचा, तोही नंबरानं, म्हणजे पाळीपाळीनं, आणि नंबर मुकादमाच्या हातात. मार पडायच्या दोनच दिवस आधी मिस्त्री त्याच्याकडे गेला होता.

"तू मालक झालास तर आमच्या गाड्या कुणी बघायच्या, तुझ्या बायकोनं?" मुकादम म्हणाला. बाकावरचे ड्रायव्हर हसले. "हात-पाय धड आहेत तोवर पाना धर, बाबा."

"नंबर देणार की नाही, ते सांगा."

"सोमवारी सांगतो."

मार पडला तो शुक्रवारी.

डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. बोटं पूर्वीसारखी वळतील याची खात्री नाही, म्हणाले. घरी बायकोनं त्याला भरवायला घेतलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"अहो, पान्याचा हात तरी वाचला," ती म्हणाली. "आता राहू द्या त्या गाड्या. गॅरेज आहे की आपलं."

"घेणार. दोन्हीवर ड्रायव्हर ठेवीन, पण घेणार."

"कशाला एवढा हट्ट?"

"आणि ज्यानं हे केलं त्याला सोडणार नाही. बरोबर गिअरचा हात बघून मोडलाय. बाहेरच्यानं उजवा मोडला असता. हे यार्डाचंच डोकं."

चमचा तिच्या हातात तसाच राहिला. "तोंडं तरी पाहिलीत का तुम्ही?"

"तोंडं कशाला बघायला हवीत? हात-पाय धड आहेत तोवर, असं म्हणाला होता मुकादम. चारचौघांत."

"तो सगळ्यांनाच तसं बोलतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. माझी शपथ आहे तुम्हाला."

"तू जेव आधी," मिस्त्री म्हणाला.

सोमवारी सकाळी ती नळावर गेलेली बघून तो घराबाहेर पडला. गॅरेजमधून टॉमी घेतली.

यार्डाच्या खोलीत मुकादम एकटाच चहा पीत होता. प्लास्टर बघून तो उठायला लागला. "अरे, हे काय झालं?"

मिस्त्रीनं दार लावलं आणि पहिला घाव गुडघ्यावर घातला. मुकादम टेबलासकट कोसळला. गरम चहा त्याच्या मानेवर सांडला.

"अरे, ऐक तरी—"

दुसरा घाव खांद्यावर बसला. मुकादमानं सरपटत खुर्ची मधे ओढली. खुर्ची मोडली.

"नंबर दिलाय तुला," तो कण्हला. "फळ्यावर बघ."

मिस्त्रीनं बघितलं नाही. "हात मोडून मग नंबर देतोस? चेष्टा करतोस माझी?"

"कुणी मोडला? मी कशाला..."

तिसरा घाव डोक्यावर बसला. चौथाही. उजव्या हातात बावीस वर्षांची ताकद होती. मुकादमाचे पाय थोडा वेळ फरशीवर घासत राहिले, मग थांबले.

तेव्हा मिस्त्रीनं फळ्याकडे पाहिलं. सर्वांत खाली खडूनं दोन्ही ट्रकचे नंबर लिहिले होते. पुढं लिहिलं होतं, 'आपला मिस्त्री'.

थुंकून तो बाहेर आला.

घरी बायको दारातच उभी होती. त्याच्या सदऱ्याकडे बघून ती बाजूला झाली. मोरीत तो हात धुवायला बसला. एका हातानं साबण लावता येईना, तेव्हा तिनं लावून दिला. पाणी लाल होऊन वाहत होतं.

"कुणाचं आहे?"

"मुकादमाचं."

"जिवंत आहे?"

"नाही."

तिनं साबण खाली ठेवला.

"त्यानं नव्हतं केलं."

"तुला काय माहीत?"

लांब कुठंतरी माणसांचा गलका सुरू झाला होता आणि तो जवळ येत होता. तिनं त्याचा ओला हात दोन्ही हातांत धरला.

"ती बाबांच्या गाडीवरची माणसं होती," ती म्हणाली. "मीच पाठवली होती. तुम्ही घरी राहावं म्हणून."