अण्णा आत बसतात

दुसऱ्या डावाआधीच्या जाहिराती संपत आल्या तसे अण्णा आपणहून उठले. चष्मा खिशात घातला, वर्तमानपत्राची घडी काखेत मारली आणि स्वयंपाकघराकडे निघाले. कुणी काही बोललं नव्हतं. आज बोलायची गरजच पडली नाही.

टिल्लूने फक्त पाय आखडते घेतले, त्यांना जाता यावं म्हणून. टिल्लू म्हणजे अण्णांचा मुलगा. चांगला सहा फुटी, मिशीवाला गडी, पण घरात अजून टिल्लूच. 'बसा हो अण्णा' एवढंच तर म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात पहिला चेंडू पडला आणि राहून गेलं.

अण्णा टीव्हीसमोर आले की आपली विकेट पडते, हा शोध मुळात टिल्लूचाच. याच स्पर्धेतल्या कुठल्याशा सामन्यात अण्णा पाणी प्यायला बाहेर आले आणि विकेट गेली. चष्मा शोधायला आले, दुसरी गेली. "अण्णा, तुम्ही आत व्हा बघू!" तो ओरडला. सगळे खो खो हसले, अण्णाही हसले. थट्टाच होती हो. पण तो सामना आपण जिंकलो आणि थट्टेचा नियम झाला. समोरच्यांची फलंदाजी असली की अण्णांना हाताला धरून आणायचं, टीव्हीच्या पुढ्यात बसवायचं. आपली फलंदाजी आली की अण्णा आत. आज तर अंतिम सामना. पहिल्या डावात भाऊजींनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली होती. "अण्णा, आता सगळी भिस्त तुमच्यावर," म्हणाले होते. आता त्याच खुर्चीवर भाऊजींचे पाय होते.

"अरे, बाप आहे तो आपला," ताई दबक्या आवाजात म्हणाली. "आडवं जाणारं मांजर नाही. बघू दे की त्यांना."

"मला काय सांगतेस? तुझ्या नवऱ्याला सांग."

"माझं काही म्हणणं नाही बुवा," भाऊजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पण एकही विकेट गेलेली नाही. चाललंय ते चालू द्या."

मग काय, चालू दिलं.

सामना रंगात आला आणि नेमका बर्फ संपला. टिल्लू आत गेला. अण्णा स्टुलावर बसले होते. मटार केव्हाच सोलून झाले होते, आता ते रिकाम्या सालींत एखादा दाणा राहिलाय का ते बघत होते.

"आत्ताचा चौकार होता ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"चौकाराला तू ओरडतोस. षटकाराला जावईबापू. विकेट गेली की सगळेच गप्प. इथे बसून मला सगळं कळतं, काही अडत नाही."

टिल्लू बर्फाचा ट्रे नळाखाली धरून उभा राहिला. त्याचे कान गरम झाले. या माणसाच्या खांद्यावर बसून त्याने आयुष्यातला पहिला सामना पाहिला होता. 'चला बाहेर', दोन शब्द. पण बाहेर नेलं आणि विकेट गेली तर? भाऊजी जन्मभर ऐकवतील. आणि खरं सांगायचं तर भाऊजींचं नाव उगाच पुढे करण्यात अर्थ नव्हता. भीती त्याची त्यालाच वाटत होती.

"जिंकलो की पहिली हाक तुम्हाला," तो म्हणाला.

"जा, जा तू. तुझी जागा सोडू नकोस," अण्णांनीच त्याला घालवला.

शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. टीव्हीतला निवेदकसुद्धा बोलायचा थांबला. ताईने ओढणीचं टोक दातात धरलं, भाऊजी सोफ्यावर उभे राहिले, टिल्लूने श्वास रोखला. खोलीत एक म्हणून आवाज नव्हता. गोलंदाज धावत आला. फलंदाजाने चेंडू उंच उडवला. तो सीमारेषेपर्यंत गेला आणि तिथल्या माणसाच्या हातात अलगद उतरला.

भाऊजींनी टीव्ही बंद केला. रिमोट आपटला नाही, इतकंच.

टिल्लूलाही वाईट वाटलं. वाटणारच. पण त्याच्या खाली कुठेतरी एकदम हायसं वाटलं, आणि का ते त्याला लगेच उमगलं. अण्णा आत होते. आत असूनही आपण हरलो. म्हणजे अण्णांचा विकेटशी काडीचा संबंध नव्हता, सगळा खुळेपणा होता, आणि आता तो त्यांच्यासमोर कबूल करून मोकळं होता येणार होतं. त्याने खुर्ची ओढून पुन्हा टीव्हीसमोर नीट ठेवली. काय बोलायचं ते मनात जुळवलं आणि आत गेला.

अण्णा स्टुलावर नव्हते. दाराशीच, पडद्याच्या आड उभे होते. चष्मा डोळ्यांवर होता.

"अण्णा," टिल्लू म्हणाला, "बघा, तुम्ही नव्हता तरी—"

"हळू बोल," अण्णांनी त्याचं मनगट धरलं. "तुम्ही सगळे एकदम गप्प झालात रे. मला वाटलं, विकेट गेली. म्हणून डोकावलो. एकदाच, शेवटच्या चेंडूला. चुकलं माझं. जावईबापूंना सांगू नकोस."